परदेशात धंदा करायचाय? मग आधी विचारा, तिथे शटर तुमच्या नावाने कधी उघडेल



कफ परेडच्या मच्छीमार नगरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, हे चॅनेल बघणाऱ्यांना माहीतच आहे. त्यामुळे वस्तीतून परदेशी जाणाऱ्या बऱ्याच जणांचे कागद माझ्या काउंटरवरून जातात. पासपोर्टच्या दहा झेरॉक्स, पांढऱ्या बॅकग्राउंडचे आठ फोटो, बारावीचं मार्कशीट स्कॅन. मी विचारते, "कुठे निघालात?" आणि उत्तर येतं, "अजून ठरलं नाही ताई. कॅनडा, दुबई, जर्मनी, जिथे होईल तिथे."

आता बघा, हाच माणूस कुलाबा मार्केटला सहा बाय आठचा गाळा भाड्याने घ्यायचा म्हटलं तर किती चौकशी करेल! डिपॉझिट किती, भाडं दरवर्षी किती वाढणार, आधीचा दुकानदार का सोडून गेला, समोरून गिऱ्हाईक जातं की नुसत्या गाड्या जातात, पाणी भरतं का. पंधरा दिवस रोज संध्याकाळी जाऊन उभा राहील. आणि देश? देश तो रीलवरून निवडतो, नाहीतर "आमच्या मावसभावाचं तिकडे बरं चाललंय" एवढ्यावर.

नोकरीच करायची असेल तर ठीक, पगार आणि राहण्याची सोय बघून निघता येतं. पण तुम्ही मला विचारता तेव्हा पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "दोन-तीन वर्षं नोकरी करीन, मग तिथेच आपलं काहीतरी चालू करीन." सगळी मेख त्या "मग" मध्ये आहे. ज्या कागदावर तुम्ही देशात शिरता, तो कागद बहुतेक वेळा तुम्हाला धंदा करू देत नाही. अमेरिकेचा एच-१बी घेतलेला इंजिनिअर शनिवार-रविवारी स्वतःचा वडापावचा स्टॉल चालवू शकत नाही. छोटा धंदा घेऊन अमेरिकेत जाण्याचा जो ई-२ व्हिसा आहे, तो अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. गुंतवणूकदारांचा ईबी-५ आपल्याला खुला आहे, पण त्याची कमीत कमी रक्कम ८ लाख डॉलर. अहो, तेवढे असते तर कशाला कुठे गेलो असतो!

म्हणून मी दुकानात येणाऱ्याला एक कोरा कागद देते. वर तीन देश आणि खाली चार रकाने. परवाना कोणाच्या नावावर आहे, माझ्या की मालकाच्या? तिथे माझ्या नावाचं शटर कोणत्या वर्षी उघडू शकेल? घरचे कधी येऊ शकतील? आणि दार बंद झालं तर परत येऊन मी कुठे उभा राहणार? पगाराचा आकडा मी मुद्दाम विचारत नाही. तो एजंटने तोंडपाठ करून दिलेलाच असतो.

दुबई: शटर लवकर, मुक्काम भाड्याचा

मराठी दुकानदाराचं परदेशातलं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे धनंजय दातार. 'मसाला किंग' म्हणून आज त्यांना सगळे ओळखतात. पण सुरुवात १९८४ साली दुबईतल्या एका छोट्या किराणा दुकानापासून आहे. वडील महादेव दातार आधी तिथे नोकरीला होते. बाजार बघितला, भारतीय माणसाला काय मिळत नाही ते बघितलं आणि मग दुकान टाकून मुलाला बोलावलं. हा क्रम लक्षात ठेवा. गिऱ्हाईक आधी दिसलं, दुकान नंतर आलं.

तेव्हाच्या आणि आताच्या दुबईत एक मोठा फरक पडलाय. पूर्वी फ्री झोनच्या बाहेर कंपनी काढायची तर बहुतांश मालकी स्थानिक भागीदाराकडे ठेवावी लागायची. जून २०२१ पासून बऱ्याचशा व्यवसायांत परदेशी माणसाला १०० टक्के मालकी घेता येते. पगारावर वैयक्तिक इन्कम टॅक्स नाही. व्हॅट ५ टक्के, २०१८ पासून. कंपनीच्या नफ्यावर ९ टक्के टॅक्स २०२३ पासून आला, पण तो ३ लाख ७५ हजार दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर. शिवाय दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे तिथे कमावलेला पैसा रुपयासारखा खालीवर होत नाही. आणि गिऱ्हाईक? संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात. पोहे, साबुदाणा, गोडा मसाला म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही.

दुसरा रकाना म्हणजे एकदम झकास. पहिला मात्र नीट वाचा. नोकरीच्या परवान्यावर गेलात तर काम त्या मालकाकडेच. स्वतःचा धंदा करायचा तर वेगळं लायसन्स, आणि ते दरवर्षी नूतनीकरण करायचं. दुकानाचं भाडं बहुतेक ठिकाणी महिन्याला देत नाहीत; वर्षाचं भाडं दोन-चार पुढच्या तारखांच्या चेकमध्ये द्यावं लागतं. आपल्याकडे महिन्याच्या गल्ल्यातून भाडं काढायची सवय असलेला माणूस इथेच अडकतो. धंदा चांगला चालला तरी पहिल्या सहा महिन्यांत कॅश आटते. आणि नागरिकत्व जवळजवळ मिळतच नाही. वीस वर्षं दुकान चालवा, तुमचा मुक्काम व्हिसाइतकाच. यात वाईट काही नाही, फक्त हे भाड्याचं घर आहे हे समजून रंग काढायचा.

आणि एक. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणं तिथे बेकायदा आहे. "आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतो" असं सांगणारा माणूस तुमची जोखीम तुमच्याच खिशात ठेवतोय.

जर्मनी: शटर उशिरा, पण मग पक्कं

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० जण पाठवायचे असं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे ट्रेड. तेव्हापासून जर्मनीबद्दल विचारणारे वाढलेत. त्याच वर्षी जूनपासून जर्मनीने 'अपॉर्च्युनिटी कार्ड' सुरू केलं. गुणांवर मिळतं, एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि शोधताना आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येतं. मात्र खात्यात वर्षभराचा खर्च आधी दाखवावा लागतो आणि ट्रेनिंग किंवा डिग्री मान्यताप्राप्त असावी लागते.

आता आपल्या कामाची गोष्ट. जर्मनीत कुशल कामगार म्हणून गेलात, तीन वर्षं नोकरी केली, त्यांच्या पेन्शन फंडात पैसे भरले, भाषेची बी-१ पातळी गाठली, की कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो हातात आला की नोकरी करा नाहीतर दुकान टाका, तुमची मर्जी. म्हणजे दुसऱ्या रकान्यात उत्तर "चौथं वर्ष" असं आलं. उशीर आहे, पण तारीख आहे. मला अशा तारखा आवडतात. तारखेवर नियोजन करता येतं.

पण थांबा, हुरळून जाऊ नका. जर्मनीत काही कारागिरीचे धंदे तिथली 'माइस्टर' ही परीक्षा पास झाल्याशिवाय, किंवा तसा माणूस पगारावर ठेवल्याशिवाय स्वतःच्या नावाने चालवता येत नाहीत. कोणते? इलेक्ट्रिशियन, प्लंबिंग, गाड्यांची दुरुस्ती, केशकर्तन, बेकरी. आणि हो, केक-पेस्ट्रीसुद्धा. आपल्या बॅचमध्ये होम बेकर ताई सर्वांत जास्त आहेत, म्हणून मी हे मुद्दाम सांगतेय. गिरगावात ओव्हन लावून तुम्ही ऑर्डर घेऊ शकता, स्टुटगार्टमध्ये त्याच हाताला आधी माइस्टरचा कागद लागतो. उलट किराणा दुकानाला किंवा खानावळीला माइस्टर लागत नाही, तिथे आरोग्य आणि परवान्याचे वेगळे नियम. म्हणजे जर्मनी चांगला की वाईट, हा प्रश्न अर्धवट आहे. न्हाव्यासाठी जर्मनी वेगळा देश आहे आणि किराणावाल्यासाठी वेगळा.

भाषेचं म्हणाल तर काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे. आमच्या वस्तीतून बसने फार तर वीस मिनिटं. जर्मनीला जायचं म्हणणाऱ्याला मी सांगते, आधी तिथली ए-१ ची परीक्षा दे. तीन महिने भाषेला बसवत नसेल तर तीन वर्षं थंडीत काय बसणार?

बोटीवरच्या मुलाचा कागद

वस्तीतल्या एका मुलाचं सांगते. नाव नको. वय २६, बारावी पास. पाच वर्षं वडिलांबरोबर बोटीवर खलाशी, नंतर एका हॉटेलच्या किचनमध्ये. स्वप्न एकच, स्वतःचं सी-फूडचं छोटं हॉटेल. त्याला कोणीतरी कॅनडाचं पॅकेज दिलं होतं: १४ लाख, "एलएमआयए सकट, जॉब पक्का". पैसे कुठून? बोटीतला घरचा हिस्सा विकून. आपल्याकडे वस्तीतल्या घराच्या कागदावर बँक सहज कर्ज देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. विकण्यासारखं असतं ते सोनं आणि बोट.

आम्ही कागद घेऊन बसलो. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवण्यासाठी कॅनडातल्या मालकाने तिथल्या सरकारकडून घ्यायचं पत्र. त्याचा आणि भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नाही, असा कॅनडाचाच नियम आहे. म्हणजे जी गोष्ट विकायचीच नाही, तिचा भाव १४ लाख लावला होता. शिवाय नोकरीच्या ऑफरवर एक्स्प्रेस एन्ट्रीमध्ये जे जादा गुण मिळायचे, ते मार्च २०२५ पासून बंद झाले. एजंटच्या माहितीपत्रकात मात्र ते गुण अजून ठळक अक्षरांत होते. मी त्याला तेवढी ओळ पिवळ्या पेनने रंगवून दिली.

मग जपान लिहिला. तो म्हणाला, "ताई, जपानचा काय संबंध?" संबंध असा, की एप्रिल २०१९ पासून जपानने 'विशिष्ट कौशल्य' नावाचा व्हिसा सुरू केलाय आणि त्या क्षेत्रांच्या यादीत मासेमारी आणि मत्स्यपालन आहे. खाद्यपदार्थ बनवण्याचे कारखाने आणि हॉटेलही आहेत. भारताने यासाठी जानेवारी २०२१ मध्ये जपानशी करारही केला. अट काय? जपानी भाषेची एन-४ पातळी किंवा त्याच्या तोडीची परीक्षा, आणि त्या त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा. डिग्री मागत नाहीत. जाळं टाकता येणाऱ्या आणि किचनमध्ये मासा साफ केलेल्या मुलाला हे किती जवळचं आहे बघा! मालक बदलायचा तर त्याच क्षेत्रात बदलताही येतो.

पण पुढचे रकाने? पहिल्या पातळीच्या या व्हिसावर जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि बायको-मुलांना नेता येत नाही. दुसरी पातळी आहे, ती मासेमारीलाही खुली झालीय, त्यात कुटुंब नेता येतं; पण तिची परीक्षा अवघड आणि अनुभवाची अट वेगळी. आणि शटर? परदेशी माणसाला जपानमध्ये धंदा चालवायचा तर 'बिझनेस मॅनेजर' व्हिसा लागतो. त्यासाठीचं भांडवल ५० लाख येन होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते थेट ३ कोटी येन केलं. सहापट! म्हणजे छोटं हॉटेल टाकण्याच्या कल्पनेला तिथे जवळजवळ कुलूपच.

मग जपान खोडायचा का? मी नाही खोडला. पाच वर्षं कमवायला, बर्फातला मासा कसा हाताळतात, पॅकिंग कसं करतात ते शिकायला चांगला देश. हॉटेल मात्र इथे मुंबईत काढायचं, असं धरलं तर कागद जुळतो. काही देश कमवायचे असतात, काही देश दुकान टाकायचे आणि काही राहायचे. एकाच देशाने तिन्ही द्यावं हा हट्ट महाग पडतो.

हे सगळं चाललं असताना त्याची आई मासळीची टोपली बाजूला ठेवून दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाय, बोट विकली तर हा परत आल्यावर जाणार कुठं?"

माझा चौथा रकाना तिने माझ्याहून सोप्या शब्दांत सांगितला. हिस्सा अजून विकलेला नाही. भाषेचा क्लास लावलाय. १४ लाखवाल्याचे फोन येतात अजून, "या महिन्यात सीट संपतील" म्हणून.

दार बंद होतं, तेही तुम्हाला न विचारता

बीबीएला आम्हाला 'कंट्री रिस्क' म्हणून एक प्रकरण होतं. दहा मार्कांचं, आणि ते सगळ्यांनी ऑप्शनला टाकलेलं. आता दुकानात बसून रोज तेच शिकवते, गंमत आहे.

इंग्लंडचं बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करसाठी व्हिसा उघडला. महाराष्ट्रातून, केरळमधून किती जणी गेल्या. मार्च २०२४ मध्ये नियम आला की आता नवरा-मुलांना आणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये परदेशातून भरतीच बंद. साडेतीन वर्षांत दार उघडलं, अर्धं लागलं आणि पूर्ण लागलं. ज्या बाईने क्लास, परीक्षा, कर्ज यात दोन वर्षं घालवली, ती पोचेपर्यंत कडी लागलेली. छोट्या धंदेवाल्यांसाठी ऑस्ट्रेलियाचा बिझनेस व्हिसा होता, तो जुलै २०२४ च्या शेवटी नव्या अर्जांना बंद झाला. कॅनडात शिकायला जाताना खात्यात १०,००० डॉलर दाखवावे लागायचे; १ जानेवारी २०२४ पासून ते २०,६३५ केले, नंतर आणखी वाढवले.

गोव्याची गोष्ट तर अभ्यासासारखी आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. अनेकांनी ते घेतलं, पण राहायला लिस्बनला गेले का? बरेच जण गेले इंग्लंडमध्ये, स्विंडनसारख्या गावात, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपियन युनियनमध्ये कुठेही काम करता यायचं आणि भाषा इंग्रजी येत होती. मग ब्रेक्झिट झालं. ३१ डिसेंबर २०२० च्या आत जे तिथे राहत होते त्यांना राहता आलं, नंतरच्यांना तो रस्ता उरला नाही. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. कोकणात जमिनीचा तुकडा घ्यायचं मनात असेल तर हे आधी वाचा.

दार सताड उघडं असलं म्हणजे काम झालं, असंही नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातले आणि मुंबईतले बेने इस्रायल मराठी बोलणारे. इस्रायल झाल्यावर १९५० च्या कायद्याने त्यांना तिथे जाण्याचा हक्कच मिळाला. ना एजंट, ना गुण. तरी पहिल्या काही वर्षांत घर, काम आणि मिळणारी वागणूक यावरून नाराजी इतकी झाली की तेल अवीवमध्ये लोक धरणं धरून बसले आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं भारतात परत आली. पुढे बहुसंख्य समाज तिथेच रुजला. दिमोना, लोद, अश्दोद इथे वस्त्या झाल्या, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. पण सुरुवातीला अडलं ते राहायचं कुठे आणि काम काय, याच दोन साध्या गोष्टींवर.

आणि १९९० चं कुवेत. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि दोन महिन्यांत जवळजवळ पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावं लागलं. रत्नागिरीच्या गावागावात ते दिवस आठवणारी माणसं आहेत. किती जण हातातल्या एका बॅगेवर उतरले. दुकानाचा माल, उधारी, गाडी सगळं तिकडे. दिनारची नोट त्या दिवसांत कोणी बदलून देईना. मी घाबरवत नाहीये. आजही आखातातल्या पैशावर कोकणातली कितीतरी घरं उभी राहतात. मी एवढंच म्हणते, की ज्या देशात कमावता त्याच देशात सगळं साठवू नका.

पैशाचा हिशोब, जो एजंट सांगत नाही

दहावी पास नसाल तर तुमच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. आखाती देश, मलेशिया वगैरे धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर अशा पासपोर्टला सरकारची मंजुरी लागते. नोंदणी असलेला भरती एजंट तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. एकूण ३५,४००. पावतीसह. एजंटची नोंदणी आहे की नाही हे 'ई-मायग्रेट' या सरकारी साईटवर नाव टाकून बघता येतं. दोन मिनिटांचं काम, आणि माझ्या दुकानात मी त्याचे पैसे घेत नाही. प्रवासी भारतीय विमा योजना आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, संरक्षण १० लाखांचं. एवढ्या स्वस्तात आपल्याकडे फोनचा विमा मिळत नाही.

भांडवल बाहेर न्यायचं असेल तर आणखी एक खड्डा आहे. आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वर गेलात की शिक्षण आणि उपचार सोडून बाकी बहुतेक कारणांसाठी बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापते. २५ लाख पाठवायचे तर वरच्या १५ लाखांवर ३ लाख. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात किंवा परत मिळतात. पण ते महिनोन्महिने अडकतात, आणि नव्या दुकानाला नेमके तेच महिने जड जातात. तेव्हा २५ लाखांचं बजेट असेल तर हातात २८ हवेत.

इथलं दुकान चालू ठेवून जाणार असाल तर प्रोप्रायटरशिपचा सगळा व्यवहार तुमच्या एकट्याच्या पॅनवर आहे हे विसरू नका. सही कोण करणार, जीएसटी कोण भरणार, हे आधी लिहून ठरवा. तुम्ही अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओमध्ये बदलून घ्यावं लागतं. याचा वेगळा व्हिडिओ करीन.

स्वतः जाण्याआधी माल पाठवून बघा

आता माझा आवडता मुद्दा. देश निवडायची सर्वांत स्वस्त परीक्षा म्हणजे आधी तुमचा माल तिथे विकून बघणं. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, ऑनलाइन निघतो, सरकारी फी ५०० रुपये. मसाला, पापड, लोणचं, गोधडी, इमिटेशन दागिने, काहीही असो. पन्नास पाकिटं पाठवली आणि पुन्हा मागणी आली, तर त्या देशात तुमचं गिऱ्हाईक आहे. नाही आली, तर विमानाचं तिकीट वाचलं.

यातही देशागणिक फरक पडतो, आणि त्याचा धडा आमच्या सुक्या बोंबलाने दिलाय. १९९७ मध्ये युरोपियन युनियनने भारतातून येणारा बोंबील बंद केला. कारण चवीचं किंवा वासाचं नव्हतं. त्यांचा नियम होता की मासा मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यायला हवा, आणि बोंबील तर उन्हात बांबूवर वाळतो, कारखान्यात नाही. इंग्लंडमधले शौकीन हवालदिल झाले, चक्क मोहीम चालवली. शेवटी तोडगा निघाला: वाळवा उघड्यावरच, पण पॅकिंग त्यांनी मान्य केलेल्या ठिकाणी झालं पाहिजे. बोंबील तोच, वाळवणारे हात तेच. एका पॅकिंगच्या कागदावर युरोपचं दार अडलं होतं.

तेव्हा ज्या देशाचं नाव मनात आहे, तिथे तुमच्या मालावर कुठला नियम आहे, लेबलवर काय लिहावं लागतं, तुमच्यासारखा माल आता कोण विकतंय आणि कितीला, हे आधी काढा. ही माहिती त्या देशाच्या सरकारी साईटवर असते. व्हिसाचे नियमही तिथेच आणि अर्ज करायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा, कारण वर लिहिलेल्या तारखा तुम्ही वाचल्याच.

पुढच्या व्हिडिओत आपण आयईसीचा फॉर्म स्क्रीनवर भरणार आहोत. येताना पॅन, आधार, बँकेचा कॅन्सल चेक आणि चार रकान्यांचा तो कागद भरून घेऊन बसा. दुसऱ्या रकान्यात वर्ष लिहायचंय, "बघू" नाही.